कोपऱ्यावरचा इराणी

कुठे जेवायचे हे न ठरवता बाहेर पडलेला माणूस वाटेत सहज आत शिरेल, अशा बेताने मांडलेले हॉटेल म्हणजे मुंबईचे इराणी हॉटेल. ते योगायोगाने सापडले असे गिऱ्हाइकाला वाटते खरे. पण त्याची जागा, दारे, फर्निचर आणि भाव हे सारे त्या योगायोगाला पोषकच असते.

ही हॉटेले उभी केली ती इराणमधल्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या लोकांनी. दुष्काळ आणि धार्मिक जाच यांना कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुंबईत आले. बहुतेक जरथुश्त्री होते, म्हणजे कित्येक शतके आधी गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या पारशांचे धर्मबंधू. काही शिया मुसलमानही होते. हाताशी भांडवल थोडे, पण चहा आणि पाव विकायला ते पुरेसे होते.

रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अनेक हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपरा त्यांना फळला. दोन रस्त्यांवरून येणारी माणसे, दोन्ही बाजूंनी दारे, भरपूर उजेड आणि वारा. बाहेर उभे राहूनच दिसते की आत कोण बसले आहे, खुर्ची रिकामी आहे का आणि शेजारच्या बशीत काय आहे. अनोळखी हॉटेलात पाऊल टाकताना वाटणारी भीड त्यामुळे दाराबाहेरच राहते. पडदे लावलेल्या, काळ्या काचांच्या आजच्या रेस्टॉरंटांना हे साधत नाही.

आतली मांडणीही तितकीच विचारपूर्वक. संगमरवरी पाट्याचे टेबल एका फडक्यात स्वच्छ होते. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या हलक्या आणि टिकाऊ. भिंतींवरच्या मोठ्या आरशांनी जागा ऐसपैस भासते, शिवाय गल्ल्यावर बसलेल्या मालकाला जागचे न हलता सगळी टेबले दिसतात. गल्ल्याजवळ खारी, नानखटाई आणि बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. गर्दीच्या वेळी एका टेबलावर अनोळखी माणसे समोरासमोर बसतात आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्यांच्या मुंबईत एकट्याने राहणारे पुरुष खूप. एका खोलीत अनेकांचा बिऱ्हाडाविना संसार. स्वयंपाकाला जागा नाही. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळी त्यांच्या पोटाचा आधार होत्या, पण तिथे महिन्याचा हिशेब आणि जेवणाची ठरलेली वेळ. पाळी उशिरा सुटली, खिशात मोजकेच पैसे उरले, की पावले इराण्याकडे वळत. तिथे सहसा कोणी जात विचारत नसे. पंगत आणि पाणी यांवरून माणसे वेगळी बसवली जात होती त्या काळात एकाच पाट्यावर कोणीही शेजारी बसून खाऊ शके, ही या हॉटेलांची सर्वांत मोठी देणगी मानायला हवी.

संध्याकाळच्या भुकेला इथे आधार खिमा-पावाचा. बारीक मटण कांदा, आले-लसूण आणि गरम मसाल्यात मंद आचेवर शिजवतात. काही ठिकाणी मटारही घालतात. त्यात अंडे फोडून तव्यावर एकजीव केले की तो खिमा घोटाळा. सोबत मऊ पाव, नाहीतर ब्रून: वरून इतका कडक की सुरी लावताच चुरा उडतो, आतून मऊ. ब्रूनला मस्का लावून तो ‘पानी कम’ चहात, म्हणजे दूध जास्त असलेल्या दाट चहात, बुडवला की कवच नरम पडते आणि लोण्याचे पिवळे थेंब चहावर तरंगतात. गोडाला कॅरॅमल कस्टर्ड, जोडीला लालभडक रास्पबेरी सोडा.

धोबीतलावला जेर महालातले कयानी अँड कंपनी 1904 चे, फोर्टमधले कॅफे मिलिटरी 1933 चे. पुण्यात डेक्कनजवळचे गुडलक 1935 पासून आहे. बॅलार्ड इस्टेटमधले 1923 चे ब्रिटानिया बेरी पुलावासाठी नावाजलेले, पण ते दुपारच्या जेवणाचे ठिकाण. रात्रीच्या भुकेला त्याचा उपयोग नाही.

एके काळी मुंबईत अशी शेकडो हॉटेले होती. आता मोजकीच उरली आहेत. भागीदारांच्या पुढच्या पिढ्या डॉक्टर-इंजिनिअर झाल्या किंवा परदेशी गेल्या. पागडीच्या जुन्या इमारती पुनर्विकासात पडल्या. कोपऱ्याची जागा आता सर्वांत महाग, आणि एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक त्या भावात परवडत नाही. काही जागी उडुपी हॉटेले आली, काही जागी बिअर बार. लंडनमध्ये 2010 साली सुरू झालेल्या ‘डिशूम’ने इराणी हॉटेलाचे रूप यशस्वीपणे उचलले, पण तिथे लोक ठरवून, रांग लावून जातात.

पावाच्या भट्ट्यांपुढेही प्रश्न आहे. मुंबईच्या हवेतील प्रदूषणाच्या संदर्भात उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवेसाठी ते आवश्यकच आहे. मात्र गॅस किंवा विजेची नवी भट्टी म्हणजे मोठा खर्च, आणि लाकडाच्या आचेवर हात बसलेल्या कारागिरांना ब्रूनच्या कवचासाठी आचेचा अंदाज नव्याने बांधावा लागणार आहे.