जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी काढताना
जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी उतरवला की साधारण २० ते ३० किलो वजन घटते, तेही बहुतेक पुढच्या चाकांवरचे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तशा ठिकाणी एवढे वजनही मोलाचे ठरते.

पहिले काम गॅसचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत बहुधा आर-१२ असे. तो ओझोनचा थर विरळ करतो. नंतरचा आर-१३४ए पृथ्वीची उष्णता वाढवतो. म्हणून नळी सैल करून गॅस हवेत सोडणे हा गैरप्रकारच. रिकव्हरी मशीनने तो सिलिंडरमध्ये घ्यावा. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि नळ्या उतरवाव्यात. बेल्टचा मार्ग बदलत असल्याने कमी लांबीचा बेल्ट किंवा आयडलर पुली लागते. फायरवॉलची भोके रबरी बुचांनी बंद केली नाहीत, तर इंजिनाकडचा धूर आत शिरतो.

मावळात खरी अडचण पावसाळ्यात येते. एसी केबिनमधला दमटपणा शोषून घेतो. तो नसला की खंडाळ्याच्या घाटात पुढची काच आतून धुरकटते. त्यामुळे हीटर आणि ब्लोअर काढू नयेत. उतरवलेले मूळ भाग तोंडे बंद करून जपून ठेवावेत. गाडी विकताना त्यांना किंमत येते.