कर्सर नेमका कुठे असतो?

कर्सर कुठे आहे हे सांगायला आपल्याला वर्डची गरज नसते. तिसरं पान, वरून पाचवी ओळ, दिसतंच आहे. पण हाच प्रश्न मॅक्रो लिहून विचारला, ‘सिलेक्शन.स्टार्ट’ किती ते दाखव म्हटलं, की उत्तर येतं: ४८१२. त्यात ना पान, ना ओळ!

कारण वर्डच्या लेखी मजकूर म्हणजे एक लांबच लांब माळ. अक्षर, मोकळी जागा, एंटर मारल्यावर पडणारी परिच्छेदाची खूण, हे तिचे मणी. कर्सर मण्यावर कधीच नसतो, तो दोन मण्यांमधल्या फटीत असतो. पहिल्या मण्याआधीची फट शून्य क्रमांकाची. ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ हे दोन्ही आकडे सारखे आले तर तिथे नुसता कर्सर आहे. वेगळे आले तर मधला मजकूर निवडलेला आहे.

गंमत म्हणजे कोऱ्या फाइलमध्येही एक मणी असतोच. ती शेवटची परिच्छेदखूण. ती पुसली जात नाही आणि कर्सरला तिच्या पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे ‘कर्सर मजकुराच्या शेवटी पोचला का?’ हे तपासणाऱ्या मॅक्रोत शेवटच्या आकड्यातून एक वजा करावा लागतो. टेबलमध्ये आणखी नवल: प्रत्येक सेलच्या शेवटी असलेली खूण वाचायला गेलं तर १३ आणि ७ असे दोन संकेतांक हाती येतात, पण माळेत तिने जागा अडवलेली असते एकच.

आपली देवनागरी याच्या नेमकी उलट वागते. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर. पण स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून ते सहा जागा घेतं. बाणाची कळ एकदा दाबली की कर्सर ते एका उडीत ओलांडतो आणि आकडा सहाने वाढतो. बॅकस्पेस मात्र एकेक संकेतांक खुडत मागे येतो.

शिवाय माळ एकच नसते. मुख्य मजकुराची एक, तळटिपांची दुसरी, पानाच्या माथ्यावरच्या हेडरची आणखी वेगळी, आणि प्रत्येकीची मोजणी शून्यापासून. नुसत्या ४८१२ वरून काही कळत नाही. आधी ‘स्टोरीटाइप’ विचारावा लागतो. १ आलं तर मुख्य मजकूर, २ आलं तर तळटीप.

मग पान? तेही विचारता येतं, ‘सिलेक्शन.इन्फर्मेशन’कडून. कर्सर टेबलमध्ये आहे का, कितव्या पानावर आहे, पानाच्या वरच्या कडेपासून किती पॉइंट खाली आहे (७२ पॉइंट म्हणजे एक इंच), असे कितीतरी प्रश्न ते सोडवतं. पण पानाचं उत्तर माळेत साठवलेलं नसतं. फॉन्ट, समास, कागदाचा आकार, कधी प्रिंटरसुद्धा, हे सगळं धरून वर्ड मांडणी करतं तेव्हा पानं जन्माला येतात. फॉन्ट मोठा करा: ४८१२ जागचा हलत नाही, तिसऱ्याचं चौथं पान होऊ शकतं.

म्हणून जागा लक्षात ठेवायची असेल तर मॅक्रोने माळ आणि फट नोंदवावी. पानाचा आकडा वाचकाला दाखवण्यापुरताच खरा.