बंद दाराआडचे बोल

३० डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारतीय संघ चौथी कसोटी १८४ धावांनी हरला. चहापानाला धावफलकावर ३ बाद ११२ धावा होत्या आणि सामना वाचविणे सहज शक्य होते. त्यानंतर ऋषभ पंतने ट्रॅव्हिस हेडसारख्या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाला उचलून मारण्याच्या मोहात आपला बळी दिला आणि पाहता पाहता शेवटचे सात फलंदाज ३४ धावांत परतले. अशा पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर आपल्या खेळाडूंवर संतापले, यात नवल कसले? नवल पुढच्या गोष्टीचे. त्यांचा हा संताप नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी देशातील एका मोठ्या इंग्रजी दैनिकात तपशीलवार छापून आला. ‘बहुत हो गया’ हे त्यांचे शब्दही त्यात होते. ‘नैसर्गिक खेळ’ या नावाखाली परिस्थितीकडे डोळेझाक करणे यापुढे चालणार नाही, ठरलेल्या डावपेचांप्रमाणे जे खेळणार नाहीत त्यांना निरोप दिला जाईल, अशा आशयाची ती बातमी होती. चेतेश्वर पुजाराला या दौऱ्यावर आणावे अशी गंभीर यांची इच्छा होती आणि निवड समितीने ती मानली नाही, हेही तिच्यात जाता जाता सांगून टाकले होते.

क्रिकेटवेड्या मुंबईत या बातमीचे पडसाद सर्वत्र उमटले. पण उपनगरांत, विशेषतः बोरिवलीत, ते अधिक खोलवर उमटले. कारण उघड आहे. ज्या संघावर हा संताप ओतला गेला त्याचा कर्णधार रोहित शर्मा हा बोरिवलीचा. आईवडील डोंबिवलीला, तर हा मुलगा आजीआजोबा आणि काका यांच्याकडे बोरिवलीत वाढला. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरले, स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि फी परवडत नाही म्हटल्यावर ती माफ करवून घेतली, ही कथा तिथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. तेव्हा सकाळच्या चर्चगेट गाडीत दाराशी उभे राहणाऱ्या मंडळींमध्ये त्या आठवड्यात जो वाद रंगला तो केवळ क्रिकेटचा नव्हता. तो घरच्या मुलाला कोणी चारचौघांत बोलावे की नाही, याचाही होता.

या वादात दोन तट पडले. एक तट म्हणत होता की, गंभीर बोलले त्यात गैर काहीच नाही. न्यूझीलंडसारख्या संघाने याच भारताला घरच्या मैदानांवर तीन सामन्यांत तीनदा हरविले. त्यांतील शेवटचा पराभव तर वानखेडेवर, अवघ्या २५ धावांनी. (तो घडविणारा एजाझ पटेल हा जोगेश्वरीतून लहानपणी न्यूझीलंडला गेलेला, हे उपनगरांचे आणखी एक दुखणे.) एवढे झाल्यावरही प्रशिक्षकाने गोड बोलायचे काय? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, बोलायला हरकत नाही, पण बोलणे बाहेर आलेच कसे? आणि ते ज्याने आणले त्याचा हेतू कोणता? रोहितचा त्या मालिकेतील हिशेब फार वाईट होता, हे दुसऱ्या तटालाही नाकारता येत नव्हते. पाच डावांत मिळून ३१ धावा. सलामीच्या फलंदाजाची, त्यातही कर्णधाराची, ही अवस्था असेल तर त्याच्यावर टीका होणारच. पण टीका वेगळी आणि कोणी तरी दाराच्या फटीतून ऐकून बाहेर सोडलेले वाक्य वेगळे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो सहज बाजूला सारता येण्याजोगा नव्हता.

२ जानेवारीला सिडनीत पत्रकारांसमोर आलेल्या गंभीर यांनी त्या बातम्यांना केवळ बातम्या म्हटले, सत्य म्हणण्यास नकार दिला. प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातील बोलणे ड्रेसिंग रूममध्येच राहिले पाहिजे, असेही त्यांनी बजावले. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न गाडीतल्या चिकित्सकांनी तेव्हाच विचारला होता. जे घडलेच नाही ते आत राहण्याचा किंवा बाहेर येण्याचा प्रश्न कुठे उद्भवतो? त्याच परिषदेत, रोहित पाचव्या कसोटीत खेळणार का, या प्रश्नाला त्यांनी सरळ होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी नाणेफेकीला जसप्रीत बुमराह गेला. रोहितने स्वतःच बाजूला होण्याचा निर्णय घेतला असे सांगण्यात आले आणि सामना चालू असतानाच दूरदर्शन वाहिनीला मुलाखत देऊन त्याने त्याला दुजोरा दिला. आपण निवृत्त होत नाही, हातात लेखणी किंवा संगणक घेऊन बाहेर बसलेल्यांनी ते ठरवू नये, असेही त्याने ऐकविले. सिडनीचा सामना सहा गडी राखून ऑस्ट्रेलियाने जिंकला आणि २०१७ पासून भारताकडे असलेला बॉर्डर-गावसकर करंडक गेला.

आपल्याकडे प्रशिक्षकाचे खाजगी बोलणे फुटण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. सप्टेंबर २००५ मध्ये ग्रेग चॅपेल यांनी झिंबाब्वेहून नियामक मंडळाला एक लांबलचक ई-मेल पाठविले. कर्णधार सौरव गांगुली मनाने व शरीराने नेतृत्वास योग्य उरलेला नाही, असा त्याचा मथितार्थ होता. मंडळाच्या हाती पडलेले हे पत्र लवकरच वृत्तपत्रांच्या हाती पडले आणि देश पेटला. मुंबईत बैठक भरली; मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसह सुनील गावसकर, रवी शास्त्री आणि वेंकटराघवन यांनी दोघांचे म्हणणे ऐकले आणि झाले गेले विसरून दोघांनी एकत्र काम करावे, असा तोडगा निघाला. तो तोडगा कागदावरच राहिला. पुढच्याच महिन्यात राहुल द्रविड कर्णधार झाला. नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडविली. २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि चॅपेल गेले. चॅपेल यांचे निदान संपूर्ण चुकीचे होते असे नाही. गांगुलीची फलंदाजी त्या काळात खरोखरच खालावली होती. पण ते पत्र फुटले त्या दिवसापासून निदान खरे की खोटे, हे कोणी पाहिलेच नाही. चॅपेल यांच्या बाजूचा की गांगुलीच्या बाजूचा, एवढाच प्रश्न उरला.

२०१८ साली हेच महिला क्रिकेटमध्ये घडले आणि या वेळी प्रशिक्षक मुंबईचा होता. नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडीजमध्ये झालेल्या विश्वचषक ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध मिताली राजला वगळण्यात आले आणि भारत आठ गडी राखून हरला. मितालीने मंडळाला लिहिलेले पत्र चव्हाट्यावर आले; प्रशिक्षक रमेश पोवार आपल्याला तुच्छतेने वागवितात, अशी तिची तक्रार होती. लगोलग पोवार यांचा अहवालही बाहेर आला; त्यात सलामीला न पाठविल्यास निवृत्ती पत्करण्याची धमकी मितालीने दिल्याचा आरोप होता. महिनाअखेर पोवार यांचा करार संपला आणि तो वाढविण्यात आला नाही. गंमत अशी की, मे २०२१ मध्ये याच पोवार यांना मंडळाने त्याच पदावर पुन्हा नेमले, आणि मिताली तेव्हा एकदिवसीय संघाची कर्णधार होती. म्हणजे ज्या आरोपांवरून २०१८ साली इतके रण माजले, ते मंडळाच्या लेखी अडीच वर्षांत निकालात निघाले होते. ते कोणत्या चौकशीने निघाले, हे रसिकांना कोणी सांगितले नाही.

येथे खऱ्या दुखण्यावर बोट ठेवावे लागते. गोष्टी फुटतात, कारण त्या सांगितल्या जात नाहीत. कोणाला का घेतले, का वगळले, प्रशिक्षकाचे आणि निवड समितीचे कोठे बिनसले, याविषयी मंडळ क्वचितच तोंड उघडते. ज्या खेळावर कोट्यवधी लोकांचे मन जडले आहे आणि ज्यांच्या तिकिटांवर व दूरचित्रवाणीसमोरील बैठकीवर हा सारा डोलारा उभा आहे, त्या लोकांना अधिकृतपणे कळते ते दोन ओळींचे पत्रक. मग उरलेली जागा कानगोष्टींनी भरते. रसिकाला संघाच्या अपयशाची कारणे जाणण्याचा हक्क आहे, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु संतापाच्या भरात काढलेले चार शब्द म्हणजे कारणे नव्हेत. पुजाराची मागणी निवड समितीने खरोखरच फेटाळली काय आणि कोणत्या विचाराने, हा रसिकांच्या हक्काचा प्रश्न होता. ‘बहुत हो गया’ हे उद्गार तसे नव्हते. वादात मात्र पहिला प्रश्न मागे पडला आणि दुसऱ्यावर आठवडाभर गाड्या भरून चर्चा झाली.

रागाला मुंबईचे क्रिकेट कधी घाबरले नाही. ‘खडूस’ हा शब्द या शहराने अभिमानाने मिरविला आहे. रमाकांत आचरेकर यांनी आपल्या संघाचा सामना सोडून वानखेडेवर दुसऱ्यांचा सामना पाहायला गेलेल्या सचिनला कानाखाली लगावली होती. इतरांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, असे त्याला सुनावले होते. ही हकीकत साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण ती सचिनने सांगितली म्हणून. ज्याच्या गालावर ती बसली त्याने, अनेक वर्षांनी, कृतज्ञतेने सांगितली. तीच दुसऱ्या दिवशी कोणी तरी परस्पर छापून आणली असती तर तिचा अर्थ काय झाला असता, याची कल्पना करावी. शिष्याचा अपमान आणि गुरूचा अत्याचार, याखेरीज त्यात काहीच दिसले नसते.

याच आचरेकरांचा एक शिष्य अमोल मुझुमदार. सचिन आणि कांबळी यांनी १९८८ साली ६६४ धावांची भागी रचली तेव्हा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला तो मुलगा. रणजी पदार्पणात २६० धावा काढूनही आणि प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवूनही त्याला भारताची टोपी मिळाली नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात तो भारताचा मुख्य प्रशिक्षक होता. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्धचा हातात आलेला सामना संघाने चार धावांनी घालविला. सलग तिसरा पराभव. त्या रात्री मुझुमदार संतापला. हे कळले कसे? पुढे खुद्द कर्णधार हरमनप्रीत कौरने ते पत्रकारांना सांगितले: सर चिडले होते, आणि त्यांचे बोलणे सर्वांनी योग्य त्या अर्थाने घेतले. त्या सामन्यात वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज ही भांडुपला लहानाची मोठी झालेली, नंतर वांद्र्याला गेलेली उपनगरीच मुलगी. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. २ नोव्हेंबरला विश्वचषक भारताचा झाला. विजयामुळे सर्वच कडू बोल गोड वाटू लागतात, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो पूर्णपणे फेटाळता येणार नाही. हरलेल्या संघात एखाद्याला आपली कातडी वाचवायची असते, एखाद्याला दुसऱ्याची जागा हवी असते. बातमी फुटायला तेवढे पुरते.

पण पराभवानंतर प्रत्येक वेळी ड्रेसिंग रूम फुटतेच असेही नाही. चारच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०२० मध्ये, अ‍ॅडलेडला सारा संघ ३६ धावांत गुंडाळला गेला होता. याहून लाजिरवाणे काय असू शकते? विराट कोहली मायदेशी परतला आणि संघाची धुरा अजिंक्य रहाणेकडे आली. पुढच्याच सामन्यात, त्याच मेलबर्नवर, रहाणेने ११२ धावा काढल्या आणि भारत आठ गड्यांनी जिंकला. त्या दोन सामन्यांमधील दिवसांत आत काय बोलणे झाले, हे तेव्हा कोणाला कळले नाही. प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी तो ३६ चा आकडा छातीवरच्या बिल्ल्यासारखा वागवायला सांगितले होते, हे मालिका जिंकून झाल्यावर क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक आर. श्रीधर यांनी अश्विनशी गप्पा मारताना उघड केले.

२०२५ च्या जानेवारीत मात्र असे झाले नाही. ११ तारखेला मंडळाने मुंबईत पराभवाची मीमांसा करण्यासाठी बैठक बोलाविली. मंडळाने त्यानंतर खेळाडूंसाठी दहा कलमी शिस्तनियम काढले: प्रवास संघाबरोबरच करावा, कुटुंबीयांनी किती दिवस सोबत राहावे, सामान किती न्यावे. बैठकीत बातम्या फोडणाऱ्याविषयीही बोलणे झाल्याचे सांगण्यात आले आणि एका तरुण खेळाडूचे नाव पुराव्याचा लवलेश नसताना वाहिन्यांवर फिरू लागले. बंद खोलीतील बोलणे बाहेर कसे जाते, याविषयी बंद खोलीत जे बोलणे झाले, तेही अशा रीतीने बाहेर आले. त्या मुलाला आपली बाजू मांडण्यासाठी कोणती जागा होती? आरोप करणारा अनामिक, बातमी देणारा ‘सूत्र’, आणि नाव तेवढे त्याचे उघडे. एखाद्या नवख्या खेळाडूच्या कारकिर्दीवर त्याचा जो डाग पडतो, तो पुसण्यासाठी मंडळाने एक ओळीचे पत्रकही काढले नाही.

रोहितने मार्चमध्ये दुबईला चॅम्पियन्स करंडक जिंकून आणला. अंतिम सामन्यात ७६ धावा त्याच्याच होत्या. बोरिवलीकरांनी त्या रात्री फटाके उडविले आणि जानेवारीतील तट तेवढ्यापुरते मिटले. ७ मे २०२५ रोजी निवड समिती त्याला कसोटीच्या कर्णधारपदावरून दूर करणार असल्याची बातमी आली. ती अर्थातच कोणी तरी बाहेर सोडली होती. त्याच संध्याकाळी रोहितने आपल्या कसोटी टोपीचे छायाचित्र प्रसिद्ध करून निवृत्ती जाहीर केली. नऊ दिवसांनी वानखेडेवर त्याच्या नावाच्या प्रेक्षागाराचे उद्घाटन झाले.