गोठवलेलं पुदिना सरबत : माहितीची चौकट

• पुदिना कोणता? महात्मा फुले मंडईत जुडीने मिळतो तो बहुधा मेंथा स्पिकाटा. त्याचा वास कार्व्होनचा, मेंथॉल नावापुरतं. पेपरमिंट वेगळा, तो संकरित आणि मेंथॉलने भरलेला. खोकल्याच्या गोळीतला गारवा त्याच मेंथॉलचा.

• हिरवा रंग : पानं उकळत्या पाण्यात १०-१५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. पानं काळवंडवणारी विकरं त्याने निकामी होतात. आंबटाने हरितद्रव्य तपकिरी पडतं, म्हणून लिंबू अगदी शेवटी. पाक गार झाल्यावरच पुदिना वाटून घालायचा.

• साखर : फक्त गोडीसाठी नव्हे. साखरेमुळे गोठणबिंदू ० अंशाखाली जातो. साखर कमी पडली तर दगडासारखा बर्फ, जास्त झाली तर नुसता गारेगार पाक. घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे १८ अंश. पसरट डब्यात ओतून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडतात; बर्फाचे कण बारीक राहतात.

• फ्रीझर नसेल तर : पॉट आइस्क्रीमचं जुनं तंत्र. बर्फात खडेमीठ घातलं की मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं.

• मस्तानी नव्हे : पुण्याची मस्तानी म्हणजे दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. या सरबतात दूध नाही; लिंबामुळे ते फाटेल.

• मद्य घातल्यास : शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांना गोठतं, त्यामुळे मिश्रण मऊच राहतं. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षं.