पाऊस, नदी आणि भरती एकाच ग्राफवर

आधीच कबूल करतो, माझं मराठी हे कॉन्व्हेंटचं मराठी आहे. चुका पोटात घाला. पण विषय माझ्या गावाचा, महाडचा असल्यामुळे लेख इंग्लिश विभागाला द्यावासा वाटला नाही.

मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी पुराचा ग्राफ काढायला बसलो. महाबळेश्वरचा पाऊस मिलीमीटरमध्ये, महाडला सावित्रीची पातळी मीटरमध्ये आणि खाडीची भरतीही मीटरमध्ये. तिन्ही कॉलम सिलेक्ट केले, लाइन चार्टवर क्लिक केलं, झालं! पावसाची रेघ थेट आकाशात. नदी आणि भरती मात्र खालच्या अक्षाला चिकटून झोपलेल्या. रूममेट म्हणाला, "अरे, यात पूर कुठे आहे?"

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी आहे ६.५ मीटर. ज्या अक्षावर ६०० मावतात, तिथे ५ आणि ६.५ मधला फरक दिसणार कसा? आणि बाजारपेठेत माल माळ्यावर चढवायचा की नाही, हे तर त्या दीड मीटरातच ठरतं.

उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये पातळीच्या रेघेवर राइट क्लिक करा, फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये जा आणि सेकंडरी अ‍ॅक्सिस निवडा. डावीकडे मिलीमीटर, उजवीकडे मीटर. जलविज्ञानवाले तर पावसाचा अक्षच उलटा करतात, म्हणजे शून्य वरच्या कडेला. पावसाचे स्तंभ वरून खाली लोंबतात आणि नदी खालून वर चढते. पावसाला स्तंभ, कारण तो ठरावीक वेळात साठलेला आकडा असतो. पातळीला रेघ, कारण ती त्या क्षणाची नोंद असते. मला ही पद्धत जाम आवडली.

पण इथेच मी फसलो. उलटा अक्ष कळण्याआधीच्या ग्राफमध्ये दोन रेघा एका ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या. मी ऐटीत लिहिलं, "येथे नदीने पावसाला मागे टाकले." सर हसले. "मिलीमीटर आणि मीटरची शर्यत कशी लावलीस रे?" उजवा अक्ष ० ते १० ऐवजी ४ ते ८ केला, आणि छेदबिंदू लगेच दुसरीकडे सरकला. त्या बिंदूला काही अर्थच नव्हता!

भरतीचं दुखणं वेगळं. तीही मीटरमध्ये, म्हणून मी तिला नदीच्याच अक्षावर बसवलं. एकक सारखं, पण शून्य वेगळं. भरतीच्या कोष्टकातली उंची समुद्राच्या नकाशाच्या आधारपातळीपासून मोजतात, नदीच्या मोजपट्टीचा शून्य दुसराच. ३ मीटर भरती आणि ३ मीटर नदी म्हणजे पाणी एकाच उंचीला आहे, असं नाही. तिसरा अक्षही काढता येतो, पण मग कुठली रेघ कुठल्या अक्षाची हे शोधतानाच वाचक दमतो. शेवटी मी तीन पट्टे एकाखाली एक काढले, खाली वेळ मात्र तिघांना एकच.

आणि वेळेनेच मला सगळ्यात जास्त छळलं. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे २३ तारखेच्या आकड्यातला बराचसा पाऊस २२ लाच पडून गेलेला! मी तो आकडा नुसता २३ वर टाकला आणि ग्राफमध्ये आधी पूर आला, मग पाऊस. शिवाय भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते, त्यामुळे रोजच्या एका आकड्यात ती दिसतच नाही. तासातासाची नोंदच हवी.

उभे अक्ष कितीही ताणा, पावसाचं शिखर आणि पातळीचं शिखर यांच्यातलं आडवं अंतर बदलत नाही. घाटात पडलेलं पाणी पोलादपूरवरून महाडला यायला किती तास लागले, ते तिथे वाचता येतं. खाली भरती असेल तर ते लवकर उतरतही नाही.

पोलादपूरला माझी आत्या राहते. नदी वाढली की तिचा फोन येतो, "दादा, सामान वर घ्या." ग्राफ पाहून ती म्हणाली, "अरे, हे तर मी दरवर्षी सांगते!" पुढच्या पावसाळ्यात तिच्या फोनची वेळही त्याच अक्षावर मांडणार आहे.