गच्चीवरचा डेक (भाग ६) : साल वर की गाभा?

या आठवड्यात तेलाबद्दल लिहायचं होतं. ते पुढे ढकलतो, कारण बेळगावच्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नावर मी सुतारांना तावातावाने भांडताना पाहिलं आहे: फळी बसवताना तिची सालीकडची बाजू वर ठेवायची की गाभ्याकडची?

फळीचं कापलेलं टोक बघा. वलयांच्या कमानी दिसतील. कमानीची पाठ ज्या अंगाला, ती सालीची बाजू, दुसरी गाभ्याची. वाळताना लाकूड वलयांच्या रेषेत जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्या मानाने कमी. ओला साग पार कोरडा होईपर्यंत हे आकडे साधारण ५.८ आणि २.५ टक्के. दुपटीहून जास्त फरक! सालीच्या अंगाला कमानी अधिक आडव्या पडतात, म्हणून ते अंग जास्त आकसतं आणि फळी त्या बाजूने खोलगट होते.

यावरून एक पक्ष म्हणतो, गाभा वर ठेवा, फळी मधोमध फुगीर राहील आणि पाणी कडांनी ओघळून जाईल. लाकूड ओलं असतानाच ठोकलंत, तर हे खरं. वाळलेली फळी बसवली आणि ती पावसात ओल प्यायली, की सगळं उलटं. साल जास्त फुगते आणि खळगा नेमका वर येतो. दुसरा पक्ष साल वर ठेवतो. त्याचं म्हणणं, गाभ्याच्या बाजूला वलयांची टोकं उचकटतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायात कुसळं जातात. पाइनमध्ये हे होतं, सागात फारसं नाही.

माझ्या मते दोघेही एक गोष्ट विसरतात. बंगळुरातल्या उघड्या गच्चीवर फळी सारखी वाळतच नाही. एप्रिलच्या दुपारी वरचं अंग तापून कोरडं ठणठणीत होतं, खालच्या अंगाला मात्र कड्यांमधला, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या आडव्या वाशांमधला, ओलावा असतो. मग उन्हातल्या पापडासारख्या कडा वर उचलतात, वर साल असो की गाभा. जुना डेक उचकटताना मी टोकं पाहत गेलो. फळ्या दोन्ही तऱ्हांनी बसवलेल्या होत्या. पश्चिमेच्या कठड्याजवळच्या जवळजवळ सगळ्या वर खोलगट झालेल्या, पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या मात्र बऱ्यापैकी सरळ.

तेव्हा बाजूपेक्षा रुंदी बघा. लाकडातली ओल १२ टक्क्यांवरून ६ वर आली, तर १४० मिलीमीटरची सागाची फळी दीड मिलीमीटरहून जास्त आकसते, ९० ची जेमतेम एक. मी अरुंदच घेतो, दोन फळ्यांत ५ मिलीमीटर फट सोडतो आणि प्रत्येक कडीवर स्टेनलेसचे दोन स्क्रू देतो, आधी भोक पाडूनच. डेकखाली वारा खेळता हवा. टोकाला वलयं उभी दिसतील अशी फळी मिळाली तर वादच मिटतो, पण तशा कापणीत लाकूड वाया जातं, म्हणून ती महाग पडते.

पांढरा पट्टा असलेली फळी मात्र परत करा. साग टिकतो तो आतल्या तपकिरी नारामुळे. पांढऱ्या भागाला वाळवी सोडत नाही. मुळात तो सागच आहे का, अशी शंका असेल तर मल्लेश्वरमच्या १८ व्या क्रॉसवरच्या काष्ठविज्ञान संस्थेत तुकडा दाखवता येतो. तिथे लाकूड ओळखून देतात. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते बरं.

बेळगावकरांना माझं उत्तर असं: लाकूड वाळलेलं असेल तर जी बाजू कमी गाठींची आणि स्वच्छ, ती वर ठेवा आणि सुताराशी वाद घालू नका. पण फळ्या आणल्या आणि लगेच ठोकल्या, असं करू नका. मध्ये गुट्ट्या देऊन सावलीत काही आठवडे रचून ठेवा, आणि सर्वांत वरच्या थरावर जड दगड ठेवायला विसरू नका.