बाँबफेकी विमानांचे छायाचित्रावरून अभिज्ञान

अपघातग्रस्त विमानाच्या जुन्या छायाचित्रातील अवशेष, खुणा व परिसर यांचा अभ्यास करून विमानाचा प्रकार, उपप्रकार आणि शक्य झाल्यास नेमके विमान निश्चित करण्याची पद्धती. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) प्रशिक्षण-विमानतळांवरील छायाचित्रांच्या संदर्भात तिला विशेष महत्त्व आहे. ब्रिटनच्या बाँबफेकी दलाचे युद्धात ५५,५७३ लोक मृत्युमुखी पडले, त्यांपैकी सु. ८,००० प्रशिक्षणात व अन्य अपघातांत गेले. अशा मृत्यूंचा उल्लेख मोहिमांच्या वृत्तांतात नसतो. त्यामुळे अनेक कुटुंबांजवळ एखादे मळके छायाचित्र, एक तारीख आणि थडग्याचा क्रमांक एवढाच पुरावा उरला आहे.

भारतीय पार्श्वभूमी : युद्धकाळात कोलार (कर्नाटक) येथे लिबरेटर या चार एंजिनांच्या विमानांवर वैमानिकांना तयार करण्यात येई; पेशावर येथे ब्लेनिम व व्हेंजन्स या विमानांचे प्रशिक्षण होई. महाराष्ट्रात पुण्याजवळील लोहगाव विमानतळ मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी १९३९ मध्ये उभारण्यात आला व तेथे मॉस्किटो, वेलिंग्टन आणि लिबरेटर विमाने राहून गेली. भारतीय हवाई दलाची ७ व ८ क्रमांकांची पथके १ डिसेंबर १९४२ रोजी व्हेंजन्स विमानांसह उभी राहिली. खानदेशातील स्थिती वेगळी आहे. जळगाव येथील धावपट्टी १९७३ मधील व धुळे येथील १९७४ मधील आहे. म्हणून या जिल्ह्यांतील एखाद्या घरी युद्धकालीन अपघाताचे छायाचित्र मिळाले आणि त्यात धावपट्टी व विमानघरे दिसत असली, तर त्याचे स्थळ अन्यत्र शोधावे लागते. मागे लिहिलेले गावाचे नाव छायाचित्र ठेवणाऱ्याचे असू शकते, अपघाताचे नव्हे. उलट छायाचित्रात केवळ शेत दिसत असेल, तर प्रवासात असलेले विमान कोठेही कोसळू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

रचनेवरून अभिज्ञान : आगीत व आघातात विमानाचा आकार नष्ट होतो, पण रचनेची वैशिष्ट्ये पुष्कळदा टिकतात. प्रथम एंजिनांची संख्या व प्रकार पाहावा. अरीय एंजिनात चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याभोवती सिलिंडर मांडलेले असतात आणि आवरण निघून गेल्यावर ते मोजता येतात. ब्लेनिमच्या मर्क्युरी एंजिनात ९ सिलिंडर एकाच वलयात असतात. लिबरेटर व व्हेंजन्स यांच्या एंजिनांत १४ सिलिंडर दोन वलयांत असतात. मॉस्किटोच्या मर्लिन एंजिनात १२ सिलिंडर दोन तिरप्या रांगांत बसविलेले असल्याने त्याचे नाक निमुळते दिसते.

त्यानंतर सांगाडा पाहावा. वेलिंग्टनची ओळख येथेच पटते. बार्न्स वॉलिस यांनी योजलेल्या त्याच्या रचनेत धातूच्या वक्र पट्ट्या एकमेकींना तिरप्या छेदत जातात व त्यांवर कापड ताणलेले असते. कापड जळून गेले की टोपलीच्या विणीसारखी जाळी उघडी पडते. तिच्यासारखी रचना भारतात वावरलेल्या अन्य कोणत्याही बाँबफेकी विमानात नव्हती. मॉस्किटो मुख्यतः लाकडी असल्याने त्याच्या अवशेषांत चिरफाळलेले पातळ फळ्यांचे थर दिसतात आणि आग लागल्यास एंजिने व चाकांचे भाग यांखेरीज फारसे काही उरत नाही. १९४४ च्या अखेरीस भारतात मॉस्किटोच्या पंखांची जोडणी निकामी होऊन अपघात घडले व त्यांची चौकशी झाली. लिबरेटरचे पंख धडाच्या वरच्या भागात जोडलेले, लांब व अरुंद असतात. त्याला नाकाखाली चाक आणि शेपटीस दोन लंबगोल उभे पंख असतात. मात्र दुहेरी शेपूट एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण मिचेल व हडसन या दोन एंजिनांच्या विमानांनाही ती होती. व्हेंजन्सला एकच एंजिन असून त्याच्या पंखाची पुढची कड धडाजवळ मागे झुकलेली व पुढे सरळ अशी मोडती असते.

मापन : छायाचित्रातील माणूस ही उपयुक्त मोजपट्टी होय. समजा, विमानाच्या धडालगत उभ्या असलेल्या माणसाची छायाचित्रातील उंची ६ मिमी. आहे आणि धडाच्या मध्यापासून पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर ४६ मिमी. भरते. माणसाची उंची १.७ मी. धरल्यास पंखाची लांबी सु. १३ मी. येते. पंखांचा एकूण विस्तार वेलिंग्टनचा २६.३ मी., लिबरेटरचा ३३.५ मी., ब्लेनिमचा १७.२ मी., मॉस्किटोचा १६.५ मी. व व्हेंजन्सचा १४.६ मी. असल्याने हे विमान वेलिंग्टन असण्याचा संभव अधिक ठरतो. पंख कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर वळलेला असल्यास ही रीत फसते. ब्लेनिम व मॉस्किटो यांतील फरक तर मापाने निश्चित होतच नाही. तेथे एंजिनाकडेच वळावे लागते.

खुणा व रंग : ब्रिटिश हवाई दलाच्या १९४० नंतरच्या क्रमांकात दोन अक्षरे व तीन अंक असतात. अमेरिकी क्रमांकात आर्थिक वर्ष प्रथम येते. ४४-४४०५२ हा क्रमांक शेपटीवर दशकाचा अंक गाळून ४४४०५२ असा लिहिला जाई. चक्राकार चिन्हे काळ ठरविण्यास साहाय्य करतात. जपानी सूर्यचिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांवरील लाल मध्यबिंदू १९४२ पासून काढून टाकण्यात आला व पुढे गडद आणि फिक्या निळ्या रंगांचे चिन्ह आले. स्वातंत्र्यानंतर अल्पकाळ अशोकचक्र व नंतर तिरंगी चिन्ह रूढ झाले. कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने दुरुस्त केली व ती १९४८ ते १९६८ या काळात भारतीय हवाई दलात होती; त्यांपैकी ६ व्या पथकाची विमाने पुण्यास होती. त्यामुळे तिरंगी चिन्हाचे लिबरेटर युद्धकालीन समजणे चूक ठरते.

कृष्णधवल छायाचित्रातील रंगांबाबत सावधगिरी आवश्यक आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा व पिवळा हे रंग काळपट आणि निळा फिकट उमटतो. त्यामुळे प्रशिक्षण-विमानाची पिवळी खालची बाजू काळी भासते व रात्रीच्या हल्ल्यासाठी काळ्या रंगविलेल्या विमानाशी तिची गल्लत होते. निगेटिव्ह उलटी धरून छापलेल्या चित्रात डावे-उजवे बदलते. एखादे अक्षर दिसत असल्यास त्यावरून हे प्रथम पडताळावे.

अपघाताचे स्वरूप : प्रॉपेलरची पाती सामान्यतः पुढे वाकलेली असल्यास आघाताच्या वेळी एंजिन शक्तीवर चालू होते आणि मागे वाकलेली असल्यास शक्ती तुटली होती, असे अनुमान करतात. हे अनुमान केवळ साहाय्यक मानावे.

पडताळा व उपयोग : विमानाचा प्रकार कळल्यावर पथकाची दैनंदिनी, अपघातपत्रक व मृतांची नोंद यांतील तारखांशी मेळ घालावा लागतो. पुण्यातील खडकीच्या युद्ध दफनभूमीत, पश्चिम व मध्य भारतात जेथे थडग्यांची कायमची देखभाल शक्य नव्हती तेथील थडगी एकत्र आणण्यात आली. साहजिकच दफनाचे आजचे स्थान व अपघाताचे स्थळ ही भिन्न असू शकतात. थडगे अज्ञात राहिलेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूर येथील स्मारकावर आहेत. आजच्या अपघातांना अधिकृत तपासाची जोड असते. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वर्डी गावाजवळ प्रशिक्षण-विमान कोसळून प्रशिक्षक मरण पावले, त्या अपघाताचा अधिकृत तपास झाला. युद्धकालीन छायाचित्राच्या मागे पुष्कळदा असे काहीही नसते. म्हणून अभ्यासकाने ‘निश्चित’, ‘संभाव्य’ व ‘अनिर्णीत’ अशा तीन श्रेणी पाळाव्यात. चुकीच्या अभिज्ञानामुळे एका कुटुंबाचे दुःख दुसऱ्याच विमानाशी जोडले जाते, आणि एकदा छापली गेलेली चूक पुढे पुरावा म्हणून उद्धृत होत राहते.